पैसे देणारी ऑनलाइन सर्वेक्षणे : सांगलीत राहून ती कशी भरावीत

सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आया हल्ली हमखास एक प्रश्न विचारतात, की मोबाइलवर सर्व्हे भरून खरोखरच पैसे मिळतात का? मिळतात, गेली तीन वर्षे मी ते घेत आले आहे. मात्र ते किती मिळतात, कशाच्या बदल्यात मिळतात आणि कोणाच्या वाटेला चुकूनही जाऊ नये, हे ठाऊक नसताना या कामात उतरलेल्या माणसाचे नुकसान होते, म्हणून मला जे कळले ते येथे लिहीत आहे.

प्रथम हा पैसा येतो कोठून ते पाहू. साबण, खाद्यतेल, विमा किंवा दुचाकी विकणाऱ्या कंपनीला ग्राहकांचे मत हवे असते. ती बाजार संशोधन करणाऱ्या संस्थेला पैसे देते आणि ती संस्था आपल्याकडे नाव नोंदवलेल्या लोकांना, म्हणजे पॅनेलच्या सभासदांना, प्रश्नावली पाठवून त्या पैशातला थोडा वाटा उत्तरे देणाऱ्यांना देते. पैसा नेहमी कंपनीकडून आपल्याकडे येतो, आपल्याकडून कोणाकडेही जात नाही. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर पुढचे पुष्कळ धोके आपोआप टळतात.

सुरुवातीला गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स हे ॲप घ्यावे असे मी सांगते. त्यात एका वेळी मोजकेच प्रश्न येतात, त्यामुळे पद्धत अंगवळणी पडते. अँड्रॉइड फोनवर त्याचा मोबदला गूगल प्लेच्या जमा रकमेच्या रूपात मिळतो. तो बँकेत वळवता येत नाही, ॲप किंवा पुस्तक घेण्यासाठीच वापरता येतो. त्यानंतर यूगव्ह, टोलुना, वायसेन्स यांसारख्या पॅनेलवर नाव नोंदवावे. तेथे गुण किंवा डॉलर साठत जातात आणि ठरावीक मर्यादा गाठल्यावर ते खरेदीचे व्हाउचर म्हणून किंवा इतर मार्गाने काढता येतात. दोन-तीन पॅनेल पुरे होतात.

नोंदणीसाठी वेगळा ईमेल पत्ता उघडावा, म्हणजे घरच्या आणि बँकेच्या पत्रव्यवहारात या आमंत्रणांची सरमिसळ होत नाही. त्यानंतरचे काम कंटाळवाणे असले तरी सर्वांत महत्त्वाचे आहे. वय, शिक्षण, व्यवसाय, घरातील माणसे, वाहन, फोन या सगळ्या माहितीचा तक्ता एकदा शांतपणे आणि खरा भरावा. शहराच्या यादीत पुष्कळदा मुंबई आणि पुणे असतात, सांगली नसते. अशा वेळी पुण्याची जास्त सर्वेक्षणे येतील म्हणून पुणे निवडण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. पुढे कोठेतरी पिनकोड विचारला जातो, आपण सवयीने ४१६ पासून सुरू होणारा क्रमांक लिहितो, दोन उत्तरे जुळत नाहीत आणि खाते बंद होते. ‘इतर’ निवडून सांगली लिहावे. लहान शहरांतील ग्राहक हवे असणारी सर्वेक्षणेही येतात, आणि त्यांत आपण खरेच हवे असतो.

एकाच वायफायवरून अनेकांनी सर्वेक्षणे भरली तर एकच माणूस निरनिराळ्या नावांनी भरत आहे असा संशय घेतला जातो. वालचंद आणि विलिंग्डन महाविद्यालयांच्या परिसरात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांना ही अडचण हमखास येते. त्यांनी आपापला मोबाइल डेटा वापरावा, आणि स्थान लपवणारे व्हीपीएन तर कोणीच वापरू नये.

आता प्रत्यक्ष भरण्याविषयी. आरंभीचे काही प्रश्न चाळणीचे असतात. संस्थेला हव्या असलेल्या वयोगटातले किंवा ती वस्तू वापरणारे आपण नसलो, किंवा त्या गटाची ठरलेली संख्या भरली असली, तर ‘आपण पात्र नाही’ असा संदेश येऊन सर्वेक्षण तेथेच संपते. पहिल्या महिन्यात या संदेशाने माझा फार हिरमोड होत असे. आमंत्रण आल्यावर लवकर उघडले तर जागा शिल्लक असण्याची शक्यता वाढते, एवढाच त्यावर इलाज आहे. पात्र ठरण्यासाठी नसलेली गाडी किंवा नसलेले लहान मूल दाखवू नये.

खाद्यतेलावरचे एक सर्वेक्षण मला चांगले आठवते. आमच्याकडे शेंगतेल घाण्यावरून डबा नेऊन आणतात, आणि प्रश्नात तर नुसत्या पाकीटबंद तेलांची नावे होती. मी ‘यांपैकी कोणतेही नाही’ निवडून खालच्या चौकटीत घाण्याचे तेल असे लिहिले, आणि सर्वेक्षण पुढे चालू राहिले. त्याच सर्वेक्षणात पुढे पंधरा विधानांचा मोठा तक्ता होता आणि त्याच्या मधोमध एक ओळ होती : ‘या ओळीत पूर्णपणे असहमत निवडा.’ भरणारा वाचतो आहे की नुसता बोट फिरवतो आहे, हे पाहण्यासाठी अशी ओळ मुद्दाम घातलेली असते. सगळीकडे ‘सहमत’ दाबत गेलेल्या माणसाचा मोबदला अशाच ठिकाणी जातो, आणि वीस मिनिटांचे काम पाच मिनिटांत उरकणाऱ्याचाही जातो. प्रश्न बहुतेक इंग्रजीत आणि काही वेळा हिंदीत असतात, म्हणून अडलेला शब्द समजून घेऊन मगच उत्तर द्यावे.

मिळकतीचा हिशेब वहीत ठेवावा, आणि त्यात वाया गेलेला वेळही धरावा. समजा, पंधरा मिनिटांच्या सर्वेक्षणाचे ३० रुपये मिळाले, पण त्याआधी दोन सर्वेक्षणांत चार-चार मिनिटे देऊन आपण अपात्र ठरलो, तर ३० रुपयांसाठी २३ मिनिटे गेली, म्हणजे तासाला सुमारे ७८ रुपये पडले. आणि असे तास रोज मिळत नाहीत. कित्येक दिवस एकही सर्वेक्षण येत नाही. माझ्या वहीत बहुतेक महिन्यांत मोबाइलचे रिचार्ज आणि एखादे पुस्तक निघेल एवढीच रक्कम आहे. घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता या पैशांवर कोणीही टाकू नये.

काढण्याइतकी रक्कम झाली की लगेच काढून घ्यावी. एका पॅनेलवर मी मोठ्या व्हाउचरसाठी गुण साठवत बसले आणि बरेच दिवस खाते उघडले नाही म्हणून सगळे गुण रद्द झाले. नियमांत तशी मुदत लिहिलेली होती, मीच ती वाचली नव्हती. परदेशी पॅनेलचे पैसे पेपॅल या ऑनलाइन देवघेवीच्या सेवेतून घ्यायचे असतील तर पॅन आणि बँक खाते जोडावे लागते, आणि डॉलरचे रुपये होताना दरात थोडी घट सोसावी लागते. आयकराचे विवरणपत्र भरत असाल तर ही मिळकत त्यात दाखवावी.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती सर्वेक्षणाच्या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीची. मिरजेच्या ओळखीतल्या एका मुलाला व्हॉट्सॲपवर ‘घरबसल्या काम’ असा निरोप आला. हॉटेलांना तारे देण्याच्या कामाचे पहिल्या दिवशी त्याच्या खात्यात १५० रुपये खरोखर जमा झाले. मग टेलिग्रामच्या गटात घेऊन ‘प्रीपेड टास्क’ म्हणून आधी १,००० आणि नंतर ५,००० रुपये भरायला लावले. पडद्यावर नफा वाढताना दिसत होता, पण काढायला गेल्यावर आणखी पैसे मागितले गेले. ते १५० रुपये म्हणजे गळाला लावलेले आमिष होते. नोंदणी शुल्क, अनामत, कर, खाते सुरू करण्याचा खर्च, कोणत्याही नावाने पैसे मागितले की संभाषण तेथेच थांबवावे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ओटीपी किंवा आधारचे छायाचित्र सर्वेक्षणात मागितले तर ते बंद करावे. आपले बँक खाते कमिशनवर दुसऱ्याला वापरायला देण्याचा प्रस्ताव आला तर तो मुळीच स्वीकारू नये, कारण त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला की पोलीस प्रथम खातेदाराच्या दारात येतात.

पैसे गेलेच तर लाजेपोटी गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. निरोप, व्यवहार क्रमांक आणि पडद्याची छायाचित्रे जपून ठेवावीत, गटातून बाहेर पडण्याच्या घाईत ती पुसू नयेत. त्या मुलाने तीन दिवस घरी सांगितले नव्हते, आणि तोवर रक्कम पुढच्या खात्यांमधून निघून गेली होती.