फ्लूममधली धूप: किनारा-संरक्षणाच्या प्रयोगांकडे वळणाऱ्यांसाठी

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन किनारा अभियांत्रिकीकडे वळणारे विद्यार्थी मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: संगणकावर लाटांची प्रतिमाने चालवता येत असताना पाण्यात हात घालून प्रयोग अजून का करायचे? लाट फुटते त्या जागी पाणी, हवा आणि वाळू एकमेकांत अशी मिसळतात की तेथील वाळूची हालचाल निव्वळ समीकरणांतून खात्रीने काढता येत नाही. संगणकीय प्रतिमानांतले गुणांकसुद्धा शेवटी कुठल्या तरी प्रयोगशाळेत किंवा प्रत्यक्ष किनाऱ्यावर मोजलेल्या आकड्यांवर बेतलेले असतात. मात्र फ्लूम, म्हणजे लाटा निर्माण करण्याचा प्रयोगशाळेतला हौद, काय दाखवतो एवढे समजून भागत नाही. तो काय दाखवत नाही हेही समजावे लागते, आणि पदव्युत्तर संशोधनाचा माझा बराचसा काळ हे दुसरे शिकण्यातच गेला.

वेव्ह फ्लूम म्हणजे काचेच्या भिंतींचा लांब, अरुंद हौद. त्याच्या एका टोकाला यंत्राने पुढेमागे हलणारी फळी असते आणि दुसऱ्या टोकाला आपण रचलेला किनारा. सुरतकलच्या एनआयटीतील फ्लूम 50 मीटर लांबीचा आहे, तर नेदरलँड्समधील डेल्फ्टचा डेल्टा फ्लूम 300 मीटर लांब आणि 9.5 मीटर खोल आहे. तेथे समुद्रातल्याइतक्या मोठ्या लाटा निर्माण करता येतात. बाकी बहुतेकांना लहान प्रमाणावर काम करावे लागते, आणि अडचण इथूनच सुरू होते.

समजा, प्रमाण 1:16 आहे. समुद्रातली 2 मीटर उंचीची आणि 8 सेकंद आवर्तनकाळाची लाट फ्लूममध्ये 12.5 सेंटिमीटर उंचीची आणि 2 सेकंदांची होते, कारण फ्राउडच्या नियमानुसार लांबी ज्या पटीने घटते तिच्या वर्गमुळाच्या पटीने काळ घटतो. सहा तासांचे वादळ दीड तासात आटोपते आणि बंधाऱ्यावरचा 2 टनांचा दगड 490 ग्रॅमच्या आसपास येतो. इथवर सारे सरळ आहे. वाळूला मात्र हा हिशेब लावता येत नाही. किनाऱ्यावरचा 0.2 मिलिमीटरचा कण सोळा पटींनी लहान केला तर तो 0.0125 मिलिमीटरचा होतो, म्हणजे ती वाळू राहत नाही, गाळ होतो; असे कण पाण्यात तरंगत राहतात आणि त्यांचा किनारा बनत नाही.

यावरची वाट अमेरिकन अभियंते रॉबर्ट डीन यांनी 1973 मध्ये मांडलेल्या विचारातून सापडते. लाटेने उचललेला कण किती वेळात तळाशी बसतो, यावर तो किनाऱ्याकडे जाणार की समुद्राकडे हे बरेचसे ठरते. म्हणून लाटेच्या उंचीला, कणाचा बुडण्याचा वेग आणि आवर्तनकाळ यांच्या गुणाकाराने भागून एक अंक काढतात. ढोबळ मानाने हा अंक 1 च्या बराच वर असेल तर धूप होते आणि खाली असेल तर वाळू साचते; नेमकी सीमा प्रयोगागणिक थोडी बदलते. 0.2 मिलिमीटरची वाळू सेकंदाला सुमारे अडीच सेंटिमीटर वेगाने बुडते, त्यामुळे वरच्या उदाहरणात समुद्रावर हा अंक 10 येतो. तीच वाळू फ्लूममध्ये वापरली तर तो अवघा 2.5 भरतो आणि धूप प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसते. अंक पुन्हा 10 वर आणायचा तर बुडण्याचा वेग चौपटीने कमी हवा, म्हणजे कण 0.09 मिलिमीटरच्या आसपासचे हवेत. एवढे करूनही पाण्याचे वाळूत झिरपणे आणि तळावर उठणाऱ्या वाळूच्या लहरी योग्य प्रमाणात येत नाहीत. म्हणून नव्याने येणाऱ्याने पहिले काही दिवस चाळण्या घेऊन बसावे, वाळूचे कणमान आणि बुडण्याचा वेग स्वतः मोजावा, आणि मगच लाटांना हात घालावा.

किनारा रचण्याचे काम हातांचे आणि चिकाटीचे आहे. कोरडी वाळू पसरून वर पाणी सोडले की कणांच्या मध्ये हवा अडकते आणि पहिल्या लाटांसरशी बुडबुडे फुटून उतार जागोजागी खचतो. म्हणून वाळू पाण्याखालीच पसरावी आणि पाण्याची पातळी सावकाश वाढवावी. लाटांची उंची मोजणाऱ्या प्रोबचे कॅलिब्रेशन रोज सकाळी करावे, कारण पाण्याच्या तापमानाबरोबर त्यांचे वाचन सरकते. उताराची मोजणी समान अंतराने करण्यात अर्थ नाही. बदल सुरुवातीलाच सर्वांत जलद होतात, तेव्हा 10, 30, 100, 300, 1000 लाटांनंतर अशा वाढत्या टप्प्यांनी थांबून, पाणी स्थिर होऊ देऊन मध्यरेषेवर आणि दोन्ही काचांजवळ नोंद घ्यावी. काचेतून पाहताना सारी प्रक्रिया डोळ्यांसमोर उलगडते: पाणरेषेवरची वाळू खरवडली जाऊन उभी कड तयार होते, फुटणाऱ्या लाटेखाली चर पडतो आणि त्याच्या समुद्राकडच्या बाजूला वाळूचा उंचवटा वाढत जातो, इतका की नंतरच्या लाटा त्याच्यावरच फुटू लागतात. कोकणात आषाढात पुळणीवरची वाळू नाहीशी होते आणि दिवाळीनंतर परत येते, ती बरीचशी याच उंचवट्यात जाऊन थांबलेली असते. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला पावसाळ्यातली प्रत्येक धूप कायमची वाटत नाही, आणि हे भान मला या क्षेत्रात फार मोलाचे वाटते.

बंधाऱ्याच्या प्रयोगांत नवखे लोक दगड ढळतात का, याकडेच पाहत राहतात. ते पाहायलाच हवे. दगडाचे वजन ठरवण्याच्या हडसन सूत्रात लाटेची उंची घनाने येते, त्यामुळे उंचीचा अंदाज 10 टक्क्यांनी वाढला तर वजन 33 टक्क्यांनी वाढते. पण लक्ष ठेवावे ते पायथ्यावर. वाळूचा उतार लाटेची बरीचशी ऊर्जा जिरवतो, तर उभी किंवा तीव्र उताराची भिंत तिचा मोठा भाग परत फेकते. येणारी आणि परतणारी लाट मिळून पायथ्याची वाळू उकरतात आणि खड्डा लाटेच्या उंचीइतका खोल जाऊ शकतो. वरचे दगड जागच्या जागी असताना पायथा उघडा पडून संपूर्ण उतार घसरताना मी पाहिला आहे. रत्नागिरीजवळच्या मिऱ्यासारख्या गावांत धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची पुनःपुन्हा डागडुजी का करावी लागते, हा प्रश्न हाती घेणाऱ्याने पहिल्यांदा पायथ्याची खोली आणि तेथील संरक्षण तपासावे, असे माझे ठाम मत आहे. परतलेली लाट फळीवर आपटून पुन्हा येते, म्हणून मोजणीत तीन प्रोब लावून येणारी आणि परतणारी लाट वेगळी काढावी लागते. हे न करता दिलेली लाटेची उंची विश्वासार्ह नसते.

आता फ्लूमची सर्वांत मोठी मर्यादा. त्यात वाळू फक्त पुढेमागे सरकते. प्रत्यक्षात तिरप्या येणाऱ्या लाटा वाळूला किनाऱ्याच्या लांबीने वाहून नेतात आणि कायमची धूप पुष्कळदा या वहनात अडथळा आल्याने होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चेन्नई बंदराच्या भिंती समुद्रात बांधल्या गेल्या, उत्तरेकडे वाहणारी वाळू अडली, दक्षिणेला मरीना किनारा रुंदावला आणि उत्तरेला रोयापुरमची जमीन समुद्राने घेतली. अशा ठिकाणच्या एखाद्या भिंतीचा छेद फ्लूममध्ये हजारो लाटा सोसेल, पण शेजारच्या गावाचे काय होईल याविषयी तो प्रयोग मूक राहील. ज्या घरांना त्याची झळ बसणार त्यांच्यासाठी ही मर्यादा अहवालात पहिल्याच प्रकरणात स्पष्ट लिहिली पाहिजे.

या क्षेत्रात येण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे गेट परीक्षा देऊन आयआयटी मद्रासमधील महासागर अभियांत्रिकी किंवा सुरतकलमधील संबंधित एम.टेक. करणे. पुण्याजवळ खडकवासल्याला 1916 साली स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे आणि बंदरांची प्रतिमाने तेथे प्रत्यक्ष उभी केली जातात. समुद्रविज्ञानाच्या बाजूने यायचे असेल तर गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे पाहावे. प्रवेश घेण्याआधी प्रयोगशाळेत जाऊन तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: फ्लूममध्ये वाळूचे प्रयोग करू देतात का, कारण पंप खराब होतील म्हणून काही ठिकाणी परवानगी मिळत नाही; यंत्र समुद्रासारख्या अनियमित लाटा निर्माण करते की केवळ एकसारख्या; आणि तिरप्या लाटांसाठी वेव्ह बेसिन, म्हणजे रुंद हौद, उपलब्ध आहे का.