आयटीआयला फी भरायच्या आधी वर्कशॉप बघून या
वाळूजच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलाय आणि पुढं सरकायचंय तर आयटीआयचा विचार नक्की करा, वयाची वरची अट नाही, वेल्डरचा कोर्स १ वर्षाचा, इलेक्ट्रिशियनचा २ वर्षांचा. पण आधी वर्कशॉपमध्ये चक्कर मारा, हे लई कळकळीनं सांगतोय. पोरांच्या हातमोज्यांवर जळल्याचे डाग आहेत का, भंगाराच्या डब्यात वेल्डिंग केलेले तुकडे पडलेत का बघा, नसतील तर तिथं नुसती थेअरीच चालते. मी एका खाजगी सेंटरला न बघताच पैसे भरले, सहा महिन्यात वेल्डिंगचा होल्डर दोनदाच हातात आला. सर्टिफिकेटला केंद्र सरकारच्या एनसीव्हीईटीची (आधीचं एनसीव्हीटी) मान्यता आहे का तेही विचारा. नोकरी सोडता येत नसेल तर मुक्त विद्यापीठाचं जवळचं अभ्यासकेंद्र गाठा. आणि मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलला पाय ठेवायला जागा नसते