इंजेक्शनच्या औषधाचा ऊतींमधला प्रवास: पीएच.डी.च्या संशोधनात या चुका टाळा

त्वचेखाली किंवा स्नायूत टोचलेले औषध रक्तापर्यंत कसे पोहोचते, या विषयावर पीएच.डी. करणारे विद्यार्थी नाशिकमधल्या आमच्या प्रयोगशाळेत गेली अनेक वर्षे येत आहेत, आणि त्यांच्या नोंदवह्या तपासताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्याने मी हे लिहायला बसले आहे. यांतल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. आपण मोजतो आहोत ते नेमके काय, याची खात्री करून घेण्याआधीच विद्यार्थी आलेख काढायला बसतो.

सर्वांत महाग पडते ती सुट्या रंगाची चूक. प्रथिनासारखा मोठा रेणू जेलमधून किंवा ऊतीतून किती वेगाने पसरतो हे पाहण्यासाठी त्याला एफआयटीसीसारखा चमकणारा रंग जोडतात. जोडणीनंतर द्रावणात उरलेला सुटा रंग पूर्णपणे काढला नाही, तर पुढे जे पसरताना दिसते ते प्रथिन नसून रंग असतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावर असेच काम सुरू केले. मोठे आणि लहान रेणू वेगळे करणाऱ्या जेलच्या स्तंभातून गाळायला वेळ जातो म्हणून तिने एका रात्रीच्या डायलिसिसवर (द्रावण सच्छिद्र पडद्याच्या पिशवीत भरून, लहान रेणू बाहेरच्या द्रवात झिरपू देण्यावर) भागवले आणि आठ महिने अगारोज जेलच्या नळ्या निळ्या प्रकाशात ठेवून हिरव्या रेघेचे अंतर मोजत राहिली. आकडे सुबक होते, तिन्ही नळ्यांचे एकमेकांशी जुळतही होते, पण अल्ब्युमिनसाठी वेग फार जास्त येत होता. अल्ब्युमिनचा रेणुभार सुमारे ६६ किलोडाल्टन आहे आणि एफआयटीसीचा ०.४ किलोडाल्टनही नाही. पाण्यात अशा लहान रंगाचा विसरण गुणांक, म्हणजे पसरण्याचा वेग दाखवणारा आकडा, अल्ब्युमिनच्या सुमारे सातपट असतो. प्रगती अहवाल तीन आठवड्यांवर आलेला असताना मी तिला उरलेल्या द्रावणातले अर्धा मिलिलिटर १० किलोडाल्टनच्या, म्हणजे त्याहून मोठे रेणू वरच अडवणाऱ्या, गाळणीच्या नळीत घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायला सांगितले. खाली उतरलेले पाणी रंगहीन असायला हवे होते. ते लिंबाच्या सरबतापेक्षाही गडद, पिवळसर हिरवे निघाले. ती नळी खिडकीपाशी धरून आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या पाहत होतो, कारण आठ महिन्यांच्या मोजमापांचा अर्थ त्या चार थेंबांत बदलून गेला होता.

तेव्हापासून रंग जोडलेले प्रत्येक द्रावण मी आधी सेफाडेक्स जेलच्या स्तंभातून काढून आणि मग या गाळणीने तपासून पाहिल्याशिवाय प्रयोगाला देत नाही. अल्ब्युमिनला काही रंग न जुळता नुसता चिकटूनही राहतो, त्यामुळे एका डायलिसिसवर विसंबणे योग्य नाही. तुलनेसाठी शेजारी केवळ सुट्या रंगाची एक नळी लावते, आणि फ्रीजमध्ये ठेवलेले द्रावण दर पंधरा दिवसांनी पुन्हा गाळून पाहते. या साऱ्याला जेमतेम एक दिवस लागतो. तो दिवस वाचवण्याची घाई मला आजही समजत नाही.

दुसरी चूक कागदावरची आहे, आणि ती हुशार विद्यार्थ्यांकडूनही होते. त्वचेखाली औषधाचा साठा सोडला की रक्तातली पातळी संथपणे उतरते, आणि विद्यार्थी त्या उतारावरून औषधाचा अर्धायुकाल (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) काढून ‘आमच्या सूत्रीकरणामुळे निर्मूलन मंदावले’, म्हणजे शरीर औषध हळू काढून टाकते, असे लिहून मोकळा होतो. गोदावरीचे पाणी रामकुंडाजवळून केव्हा ओसरेल हे नदीच्या वाहण्यापेक्षा गंगापूर धरणाचा विसर्ग किती हळू कमी करतात यावर ठरते, हे नाशिककरांना पावसाळ्यात वेगळे सांगावे लागत नाही. इथेही तसेच आहे. शोषण निर्मूलनापेक्षा संथ असेल, तर शेवटचा उतार शोषणाचा वेग दाखवतो. साध्या इन्सुलिनचे उदाहरण पुरेसे आहे. शिरेतून दिल्यावर त्याचा अर्धायुकाल काही मिनिटांचाच असतो, पण त्वचेखाली दिल्यावर सहा-सहा रेणूंचे त्याचे पुंजके सुटे होऊन शोषले जायला वेळ लागतो, म्हणून ते काही तास रक्तात दिसत राहते. शरीराची ते काढून टाकण्याची क्षमता मात्र तीच असते. शिरेतून दिलेल्या मात्रेचा गट प्रयोगात नसेल, तर उताराला नाव देण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्राण्यांचा हा जादा गट संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडच्या अर्जात सुरुवातीलाच मागावा. तो नंतर मागायचा झाल्यास मंजुरीची वाट पाहण्यात महिने जातात.

गोठवलेली ऊती वापरू नये. खाटकाकडून आणलेले बकऱ्याचे मांस डीप फ्रीझरमध्ये ठेवून आठवडाभर पुरवणारे मी पाहिले आहेत, पण गोठताना पेशी फुटतात आणि मग औषधाला जिवंत ऊतीत नसलेल्या वाटा मिळतात. पहाटे उठून ताजी ऊती आणावी, बर्फात ठेवावी आणि त्याच दिवशी संपवावी.

नुसते अगारोज म्हणजे ऊती नव्हे. त्यात त्वचेखालच्या ऊतीत पेशींच्या मधल्या जागेत असणारे ऋणभारित हायलुरोनिक आम्ल नसते, त्यामुळे धनभारित प्रथिन त्यात जितके सहज सरकते तितके त्वचेखाली सरकेलच असे नाही.

‘खोलीच्या तापमानाला’ हे शब्द प्रबंधात लिहू नयेत. जानेवारीत सकाळी आमची प्रयोगशाळा १५ अंशांवर असते, आणि २५ अंशांच्या तुलनेत पाण्यातले विसरण तिथे सुमारे पाव भागाने मंदावते. अंश लिहावेत, तेही जेलशेजारच्या तापमापीवरचे.

अत्यल्प मात्रेतले प्रथिन काचेला आणि प्लॅस्टिकला चिकटते, म्हणून रिकाम्या व्हायलमध्ये द्रावण ठेवून किती परत मिळते ते आधी मोजावे.

सुमारे १६ किलोडाल्टनच्या वरची प्रथिने मुख्यतः लसिकावाहिन्यांतून (ऊतींमधला जादा द्रव, म्हणजे लसिका, रक्तात परत नेणाऱ्या नलिकांतून) जातात, हे मेंढ्यांवरच्या प्रयोगांत दिसले होते. तेच प्रमाण पांढऱ्या उंदरांत गृहीत धरू नये, आणि भुलीखाली निश्चल पडलेल्या उंदरात तर नाहीच, कारण लसिका पुढे सरकण्यासाठी हालचाल लागते.

शेवटची गोष्ट इतकी किरकोळ वाटते की कुणी ती नोंदवतच नाही. सुई घाईने बाहेर काढली की टोचलेल्या जागी एक थेंब वर येतो, आणि विद्यार्थी तो कापसाने पुसून टाकतो. मी दहापर्यंत सावकाश मोजून सुई काढते, आलेला थेंब आधी वजन केलेल्या गाळणकागदाने टिपते आणि कागदाचे लगेच पुन्हा वजन करते. ५० मायक्रोलिटरच्या मात्रेत पाच मायक्रोलिटरचा थेंब म्हणजे मात्रेचा दहावा भाग होय, आणि हा हिस्सा वहीत लिहिला नाही, तर वर्षभराने जैवउपलब्धतेच्या (मात्रेतला किती भाग रक्तात पोहोचला याच्या) हिशेबात तोच ‘ऊतीत अडकलेले औषध’ म्हणून मांडला जातो.