कोल्हापूर ते जैसलमेर बाईकवर: भाऊबीजेला ताईकडं जायचं असंल तर

माझी ताई जैसलमेरला असते. दाजी फौजेत, तिकडं पोस्टिंग झालं, क्वार्टर मिळाल्यावर ताई आणि भाचा पण गेले. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही, शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे, तेव्हा ज्यांची बहीण नाहीतर भाऊ असा लांब राजस्थानात आहे आणि दारात बाईक उभी आहे त्यांच्या डोक्यात एकदा तरी येतंच की गाडीवरनंच जाऊया. मी दोनदा जाऊन आलोय, एकदा भाऊबीजेला आणि एकदा जानेवारीत. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट मनात पक्की करा, ही ट्रिप फिरायला जायची नाही, भेटायला जायची आहे. फिरायला गेलं की रात्री दहाला पोचलं काय आणि पहाटे पोचलं काय, कोणाचं काही अडत नाही. इथं मात्र एक माणूस सकाळपासनं दाराकडं बघत बसलेलं असतं, दर अर्ध्या तासानं दाजींना विचारत असतं की कुठवर आला असंल. म्हणून उजेडात पोचायचं, आणि पोचल्यावर दोन तास गप्पा मारायची ताकद अंगात ठेवून पोचायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेवटच्या दिवशी फार ताणलं, रात्री नऊला पोचलो, ताईनं ताट वाढलं आणि मी चार घास खाऊन ताटावरच पेंगायला लागलो. भाचा मामा मामा करत गुडघ्याला धरून हलवत होता. ते मला अजून टोचतं. दुसऱ्या वेळी दिवस वाढवला आणि चारला दुपारी दारात होतो.

अंतर सुमारे साडेचौदाशे किलोमीटर. तीन दिवसांत होतं असं सांगणारे भेटतील, पण चार दिवस धरा. माझा हिशोब असा, पहिला दिवस कोल्हापूर ते ठाणे, दुसरा ठाणे ते वडोदरा, तिसरा वडोदरा ते डीसा, चौथा डीसा ते जैसलमेर. भाऊबीजेला पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत पोचायचं तर धनत्रयोदशीला निघावं लागतं. म्हणजे पहिली आंघोळ वाटेत होणार, हे घरात आधीच सांगून ठेवा, आमच्या आईनं दोन दिवस तोंड फिरवलं होतं. शेवटी ठाण्यात मावशीकडं मुक्काम ठरवला, तिनं पहाटे साडेचारला उठवून उटणं लावलं, तिच्या हातची चकली खाल्ली आणि सहाला घोडबंदर रोडला लागलो. वाटेत कोण नातेवाईक असंल तर लॉज बघू नका, त्यांच्याकडंच उतरा.

रस्त्याचं सांगायचं तर पहाटे चारला कोल्हापूर सोडायचं. पुण्यापर्यंत सहापदरीकरणाची कामं आहेत, अंधारात डायव्हर्जनचा बोर्ड दिसत नाही, तिथं घाई नको. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी आहे, लोणावळा-खंडाळ्यातनं जुन्या हायवेनंच पनवेल गाठायचं. तसंच अहमदाबाद-वडोदरा एक्सप्रेसवेवर पण बाईक चालत नाही आणि मॅप मात्र तिकडंच वळवतो, म्हणून मॅपमध्ये टू-व्हीलरचा मोड लावा नाहीतर आणंद-नडियादकडनं जाणारा हायवे आधीच डोक्यात बसवून ठेवा. नॅशनल हायवेवर टू-व्हीलरला टोल नाही, नाक्यावर एकदम डाव्या कडेची लेन धरायची. अहमदाबाद शहरात शिरायचं कारण नाही, सरदार पटेल रिंग रोडनं बाहेरनं मेहसाण्याच्या रस्त्याला लागा. कलोल आणि मेहसाण्याच्या मधे कुठंतरी आपण कर्कवृत्त ओलांडतो, भाच्याला शाळेत ते होतं, त्याला फोन करून सांगितलं तर त्याचा आनंद काय विचारू नका.

दिवाळीत जाणाऱ्यांनी गुजरातची एक गोष्ट लक्षात ठेवाच. तिकडं दिवाळीच्या दुसऱ्या दिवसापासनं बरीचशी दुकानं आणि गॅरेज लाभपाचमीपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, बंद असतात. पेट्रोल आणि चहा मिळतो, पण क्लचची केबल मिळंल याची खात्री नाही. म्हणून जे काय लागणार ते कोल्हापुरातनंच घेऊन निघायचं. आणि तिकडं दारूबंदी आहे, दाजींसाठी म्हणून सुद्धा बाटली बॅगेत टाकू नका.

आता गाडी. माझी ३५० सीसी आहे, १३ लिटरची टाकी, पण १५० सीसीवर पण हे अंतर आरामात होतं, फक्त दिवस एक वाढवा. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी कधीच करायचं नाही, आठ-दहा दिवस आधी करून त्यावर शे-दोनशे किलोमीटर फिरून बघायचं, म्हणजे काय चुकलं असंल तर घरीच कळतं. पहिल्या वेळी एका गॅरेजमध्ये चेन गरजेपेक्षा जास्त ताणून दिली होती, मी लगेच दुसऱ्या दिवशी निघालो, साताऱ्याच्या पुढं सामानाच्या वजनानं ती आणखी ताणली जाऊन खालनं करकर आवाज यायला लागला. थांबून ढिली केली म्हणून बरं. चेनचा ढिलेपणा सगळं सामान लादून, त्यावर बसून तपासा. आणि रोज मुक्कामाला पोचल्यावर चेन गरम असतानाच स्प्रे मारायचा, राजस्थानात शिरलं की जादाचा स्प्रे फडक्यानं पुसून काढायचा कारण ओल्या चेनला वाळू चिकटते आणि मग ती कानशीसारखी चेन-स्प्रॉकेट घासत राहते. हवा सकाळी टायर थंड असतानाच बघायची, दुपारी टायर तापल्यावर प्रेशर वाढलेलं दिसतं म्हणून कमी करू नका.

एक काम मात्र मी सगळ्यांना हात जोडून सांगतो. साइड स्टँडच्या खाली मोठा पाय लावून घ्या. पहिल्या वेळी सम गावाजवळ, जिथं वाळूच्या टेकड्या आहेत, रस्त्याच्या कडेला गाडी लावली, हेल्मेट काढतोय तोवर स्टँड हळूहळू वाळूत गेला आणि सामानासकट गाडी आडवी. क्लच लिव्हर मुळातनं मोडली. जैसलमेर तिथनं चाळीसेक किलोमीटर. एका जीपवाल्यानं गाडी उचलायला मदत केली, मोडक्या लिव्हरच्या खुंटाला पाना आवळून दोन बोटांनी क्लच दाबत ताईच्या घरी आलो. परत आल्यावर उद्यमनगरात एका मिस्त्रीकडनं तळहाताएवढा जाड पत्रा स्टँडच्या टोकाला वेल्ड करून घेतला, कडा ग्राइंडरनं गोल केल्या. अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर वाळू असू दे नाहीतर गुऱ्हाळाचा चिखल, गाडी जागची हलली नाही. सोबत क्लच लिव्हर, क्लच केबल, पंक्चर किट, हवेचा छोटा पंप आणि तारेच्या चाकाला ट्यूब असंल तर दोन ट्यूबा घ्या.

सामानात कपडे कमी आणि खाऊ जास्त, हे ओघानं आलंच. ताईची यादी ठरलेली, घरचा कांदा-लसूण मसाला, भडंग, गूळ आणि अंबाबाईचं कुंकू. मसाला डब्यात घालू नका, गाडीच्या थरथरीनं झाकण सैल होतं आणि तेल सुटून सगळे कपडे लाल होतात. जाड पिशवीत घालून तोंड मेणबत्तीवर चिकटवा, त्यावर दुसरी पिशवी, आणि मग कपड्यात गुंडाळून बॅगेत. गुळाची किलोची ढेप वर्तमानपत्रात गुंडाळली की पुरते. आपल्याकडं पावसाळ्यात गूळ पाझरतो, तिकडच्या कोरड्या हवेत मात्र तो तसाच खडखडीत राहतो, ताई म्हणाली शेवटचा खडा सुद्धा पहिल्या दिवसासारखा होता. जड वस्तू सॅडल बॅगेत खाली आणि पुढच्या बाजूला, भडंगासारखं हलकं वर, दोन्ही बाजूंचं वजन सारखं. मागच्या कॅरिअरवर उंच थर रचला तर ट्रकच्या वाऱ्यानं हँडल डुलायला लागतं.

फोनचं पण आधी ठरवा. मी दिवसातनं तीनदा मेसेज टाकतो, निघताना, दुपारी जेवताना, मुक्कामाला. मधे कोणी फोन करायचा नाही, कारण खिशात वाजला की मन तिकडं जातं. आणि आईला सांगून ठेवलंय की ठरल्या वेळेच्या पुढं तीन तास मेसेज नाही आला तरच काळजी करायची, त्याआधी नाही. ती तरी पण करते, पण फोन करत नाही.

डीसा सोडलं, सांचोरला राजस्थानात शिरलं की चित्र पालटतं. आपल्याला वाटतं वाळवंट म्हणजे नुसती वाळूच वाळू, तसं नाही, थरचा बराच भाग खुरट्या झुडपांचा आहे, रुई, बोरी, केर, आणि मधे मधे एकटं उभं असलेलं खेजडीचं झाड. बाडमेरच्या अलीकडं एका टपरीवर चहा पीत होतो, शेजारी खेजडी होती, बारीक पानं, खोडाला भेगा, मी बघत बसलो की हे कुठंतरी बघितलंय. टपरीवाल्या काकांनी सांगितलं याच्या शेंगा म्हणजे सांगरी, केर-सांगरीच्या भाजीतली. ताईच्या घरी गेल्यावर दाजी म्हणाले, अरे ही तर आपली शमी. वीस दिवसांपूर्वी दसरा चौकात छत्रपतींच्या हस्ते जिची पूजा होते ती शमी, इथं माणसांना भाजी देते, शेळ्या-उंटांना पाला देते आणि भर उन्हात सावली देते. त्यानंतर प्रत्येक खेजडी दिसली की मला घरचं कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं.

बाडमेर ते जैसलमेर सुमारे दीडशे किलोमीटर, रस्ता चांगला आणि सरळसोट, आणि तोच धोका आहे. वळण नाही म्हणून स्पीड वाढतो आणि दुपारी जेवून निघालं की डोळे जड होतात. दर तासाला थांबा, तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, कोरड्या हवेत घाम जागच्या जागी वाळतो आणि अंगातलं पाणी कमी झालेलं कळतच नाही. तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं जवळ पाहिजेतच. ओठांना आणि नाकपुडीच्या आत थोडं साजूक तूप लावून निघायचं, आजीचा उपाय आहे पण दिवसभर टिकतो. वारा आडवा येतो, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांखाली गाडी चालवली असंल तर तसाच, फक्त इथं तो तासन् तास सुटत नाही. रस्त्यावर वाळूची जीभ आलेली दिसली की आधीच स्पीड कमी करा, वाळूवर गेल्यावर पुढचा ब्रेक अजिबात नाही, हँडल घट्ट आवळायचं नाही, हलका रेस देत सरळ निघायचं. आणि अंधार पडायच्या आत आत. उंटाचे पाय लांब, हेडलाइटच्या उजेडात नुसते पाय दिसतात, अंग वर अंधारात. नीलगाय तर न बघता उडी मारते.

एप्रिल ते जून जाऊच नका, पारा ४५ च्या वर जातो आणि आंधी, म्हणजे धुळीचं वादळ येतं. कधी सापडलातच तर रस्त्याच्या कडेला थांबायचं नाही, मागनं येणाऱ्याला दिसत नाही, रस्ता सोडून एकदम आत जाऊन गाडीच्या आडोशाला बसायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण जानेवारीत सकाळची थंडी भयंकर, दिवस पण तिकडं सात वाजून गेल्यावर उगवतो, तेव्हा हातमोजे दोन जोड घ्या आणि ऊन वर आल्याशिवाय निघू नका.

ज्यांचे नातेवाईक लष्करी वसाहतीत आहेत त्यांनी आधार, लायसन, आरसी आणि इन्शुरन्स मूळ कागद घेऊन जा, दाजींना गाडीचा नंबर दोन दिवस आधी कळवा, गेटवर फोटो काढू नका आणि विचारतील ते शांतपणे सांगा. मला गेटवर पाऊण तास लागला, तिथल्या जवानानं पाटी बघून विचारलं, एमएच ०९, कोल्हापूर का? तो कागलचा निघाला. तेवढा वेळ कसा गेला कळलं नाही.

पोचल्यावर पहिला दिवस गाडीला हात लावू नका. भाऊबीज करा, ओवाळून घ्या, भाच्याला टाकीवर बसवून आवारात एक चक्कर मारा, संपलं. दुसऱ्या दिवशी दाजींबरोबर तनोट आणि लोंगेवाला करा. तनोट मातेचं मंदिर जैसलमेरपासनं सुमारे १२० किलोमीटर, १९६५ च्या युद्धात आजूबाजूला पडलेले आणि न फुटलेले तोफगोळे तिथं ठेवलेत, मंदिराची व्यवस्था बीएसएफकडं आहे. तिथनं लोंगेवाला, जिथं डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या फौजेच्या २३ पंजाब बटालियनच्या एका कंपनीनं मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली रात्रभर पाकिस्तानी रणगाडे रोखून धरले आणि सकाळी जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी बाकीचं काम केलं. फौजी माणसाच्या तोंडनं ते ऐकणं वेगळंच, दाजी एरवी मोजकं बोलतात, तिथं दीड तास बोलत होते. टाकी जैसलमेरलाच फुल करा, रामगढच्या पुढं रेंज पण जाते, मॅप आधी डाउनलोड करून ठेवा.

आणि येताना खाऊ उतरला म्हणून बॅग रिकामी येईल असं समजू नका. ताईनं वाळवलेली सांगरी दोन किलो बांधून दिली, सोबत केर, बाजरीचं पीठ, भाच्यानं आजीसाठी डबीत भरलेली वाळू. आईनं सांगरी रात्रभर भिजत घातली आणि फोडणीत आपला कांदा-लसूण मसाला घालून भाजी केली. ताईला व्हिडिओ कॉल लावून कढई दाखवली. तेव्हा एका बाजूची सॅडल बॅग परतीसाठी मोकळी ठेवा.