उन्हाळी लागली? लघवीच्या इन्फेक्शनची गोळी घेताना या चुका टाळा

वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात बसणाऱ्या एक काकी गेल्या वैशाखात आमच्या औषधाच्या दुकानात आल्या. दोन दिवस गोळ्या चालू होत्या, तरी लघवीची आग तशीच. पिशवीतून त्यांनी पट्टी काढली, सोबत कागदाची एक पुडी. पुडीत गोळीचं अर्धुक. "गोळी मोठी, गिळूक जमना नाय. म्हणान अर्धी सकाळी, अर्धी रात्री."

पट्टीवर लिहिलं होतं: नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅम, एसआर (सस्टेन्ड रिलीज, म्हणजे औषध सावकाश सोडणारी गोळी). डॉक्टरांनी सांगितली होती अख्खी गोळी दोन वेळा. काकींच्या पोटात गेलं निम्मंच औषध, आणि तेही भलत्या वेगाने.

"एसआर" ही दोन अक्षरं सोडून देणं

मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. नायट्रोफ्युरँटॉइन १९५३ पासून वापरात आहे आणि साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला आजही पहिल्या पसंतीच्या औषधांत मोडतं. रक्तात ते फारसं साठत नाही, झपाट्याने लघवीत उतरतं आणि तिथेच जंतू मारतं. बारीक भुकटीच्या रूपात दिलं तर ते पोटातून भरभर शोषलं जातं आणि मळमळ जास्त होते, म्हणून पुढे मोठ्या स्फटिकांचे प्रकार आले. हळूहळू औषध सोडणारी कॅप्सूल अमेरिकेत १९९१ मध्ये आली. तिच्यात ७५ मिलिग्रॅम भाग असा असतो की तो पोटात जेलसारखा फुगतो आणि औषध सावकाश सोडतो, उरलेला २५ मिलिग्रॅम मोठ्या स्फटिकांचा.

आता हिशेब बघा. असा सावकाश सुटणारा प्रकार १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहसा पाच दिवस. साधा प्रकार दिवसातून चार वेळा घ्यावा लागतो. नाव एकच, आकडाही कधीकधी एकच, पण वेळा दुप्पट. दुकानात "तीच गोळी, फक्त कंपनी वेगळी" असं म्हणून साधी पट्टी हातात आली आणि बाईने ती दोनदाच घेतली, तर औषध कमी पडतं. चिठ्ठीवर एसआर असेल तर पट्टीवरही एसआर बघूनच घ्या, आणि दुकानदाराने प्रकार बदलला तर डॉक्टरांना विचारलंय का ते स्पष्ट विचारा. आम्हा दुकानदारांना या प्रश्नाचा राग येता कामा नये.

आणि एसआर गोळी मोडायची नाही, चावायची नाही, कुटायची नाही, कॅप्सूल उघडायची नाही. गिळायला जमत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा, दुसरं काही लिहून देता येतं. काकींच्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला.

रिकाम्या पोटी गोळी

काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका पहाटे घर सोडतात. चहाच्या घोटाबरोबर गोळी, मग एसटीत मळमळ, मग "ही गोळी मला सोसत नाही" म्हणून औषध बंद. हे औषध पोटात अन्न असताना घ्यायचं असतं. मळमळ कमी होतेच, शिवाय जेवणासोबत घेतल्यावर ते सुमारे ४० टक्के जास्त शोषलं जातं. सकाळची वाटीभर पेज आणि रात्रीचं जेवण, एवढं पुरतं. लघवीचा रंग गडद पिवळा किंवा तपकिरी झाला तर घाबरू नका, तो औषधाचाच.

सोबत गुलाबी सिरप

जळजळ म्हटली की लघवीचा आंबटपणा कमी करणारं सिरप घ्यायची आपल्याकडे जुनी सवय. पण नायट्रोफ्युरँटॉइन आंबट लघवीतच नीट काम करतं. सिरपने लघवी अल्कली झाली की आपण स्वतःच औषधाची धार बोथट करतो. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेलं अ‍ॅसिडिटीचं औषधही शोषण अडवतं. शहाळं, सब्जा, साधं पाणी खुशाल प्या, सिरप मात्र विचारल्याशिवाय नको.

सॅशे दुसऱ्या दिवशी पुन्हा

याच इन्फेक्शनवरचं दुसरं औषध म्हणजे फॉस्फोमायसिन. त्याची ३ ग्रॅमची पुडी (सॅशे) एकदाच घ्यायची असते. अर्ध्या पेल्याहून थोड्या जास्त थंड पाण्यात ढवळायची, गरम पाण्यात नाही, आणि लगेच प्यायची. रात्री निजण्याआधी, लघवी करून, रिकाम्या पोटी घेतली तर औषध मूत्राशयात जास्त वेळ राहतं. सकाळी आग पूर्ण गेली नाही म्हणून दुसरी पुडी फोडू नका. आराम पडायला दोन-तीन दिवस लागतात, आणि रोज पुडी घेतल्याने गुण वाढत नाही, त्रासच वाढतो. एकदाच घ्यायचं म्हणून ती आपोआप सरस ठरत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत पाच दिवसांच्या नायट्रोफ्युरँटॉइनने ७० टक्के बायका पूर्ण बऱ्या झाल्या, एका पुडीने ५८ टक्के. ज्या बाईचे डोस हमखास चुकतात तिला पुडी सोयीची, एवढा विचार डॉक्टर करतात.

घरातली उरलेली पट्टी

डब्यात सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा सेफिक्झिमसारखं अँटिबायोटिक पडलेलं असतं, नवऱ्याचं किंवा मुलाचं. ते उचलू नका. आपल्याकडचे जंतू या औषधांना मोठ्या प्रमाणात दाद देत नाहीत, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातली औषधं स्नायुबंधांना इजा करू शकतात. साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनसाठी ती राखून ठेवलेलीच बरी. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, हे सरकारनेच २०१६ पासून सांगितलंय.

जिथे या गोळीचं काम नाही

थंडी वाजून ताप, उलट्या, पाठीत बरगडीखाली एका बाजूला दुखणं: इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलं असू शकतं, आणि नायट्रोफ्युरँटॉइन किंवा तोंडावाटे घ्यायची फॉस्फोमायसिनची पुडी तिथे पुरी पडत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर असाल, विशेषतः दिवस भरत आले असतील, मूत्रपिंड कमजोर असेल किंवा जी-सिक्स-पीडीची (रक्तातल्या लाल पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असेल, तर चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांना सांगा. लाजू नका. बाजारात दिवसभर बसून लघवी रोखून धरावी लागते, यात तुमचा काय दोष?

औषध नीट घेऊनही दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, किंवा महिन्याभरात पुन्हा आग सुरू झाली, तर तीच पट्टी परत मागू नका. लघवी कल्चरला (कोणता जंतू आहे ते वाढवून बघण्याच्या तपासणीला) द्या, नवं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. निर्जंतुक डबी लॅबमधून आणा, सुरुवातीची थोडी सोडून मधल्या धारेची लघवी घ्या आणि दोन तासांच्या आत पोचवा. गाडी उशिराची असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या उन्हात पिशवीत राहिलेल्या डबीत जंतू वाढतात आणि रिपोर्ट चुकीचा येतो.