न्यूझीलंड ते फिजी : प्रस्थानापूर्वीची प्रतीक्षा आणि तिच्यातील काम

न्यूझीलंडच्या उत्तर भागात, बे ऑफ आयलंड्समध्ये, ओपुआ नावाचे लहानसे बंदर आहे. एप्रिल संपत आला की तेथील धक्क्यांवर शिडाच्या नौकांची दाटी होऊ लागते, कारण फिजी, टोंगा किंवा न्यू कॅलेडोनियाकडे जाणाऱ्या अनेक नौका कस्टम्सची पूर्तता येथेच करून देशाबाहेर पडतात. ओपुआपासून फिजीच्या सुवा बंदरापर्यंतचे अंतर सुमारे १,१०० सागरी मैल आहे, आणि बारा-तेरा मीटर लांबीची नौका दिवसाला सरासरी १४० मैल कापते असे धरले, तर हा प्रवास आठ दिवसांचा होतो. त्याआधी धक्क्यावर किती दिवस जातील हे मात्र कोणालाच सांगता येत नाही, आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांची तयारी नेमकी तेथेच अपुरी पडते. ऑकलंडमध्ये नोकरी करता करता मी क्रू म्हणून या मार्गावर जाऊ लागले. आता पुण्या-मुंबईहून येथे शिकायला आलेली मुले-मुली मला या प्रवासाविषयी विचारतात, तेव्हा शिडे आणि गाठी यांच्याआधी मी त्यांच्याशी या प्रतीक्षेविषयी बोलते. तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली प्रतीक्षा हंगामाची असते. दक्षिण प्रशांत महासागरात चक्रीवादळांचा हंगाम १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल असा धरला जातो; त्या काळात पुष्कळ नौका न्यूझीलंडमध्ये मुक्कामाला असतात आणि मे महिन्यात उत्तरेकडे निघतात. फार उशीर करूनही चालत नाही, कारण पुढे न्यूझीलंडच्या आसपास हिवाळी वादळांची ये-जा वाढते. होड्या शाकारून नारळी पौर्णिमेची वाट पाहणाऱ्या कोकणातील कोळी बांधवांना हे समजावून सांगावे लागणार नाही. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' घेऊन १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या, वाटेत न्यूझीलंडच्या लिटल्टन बंदरात थांबल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे दक्षिण गोलार्धाच्या भर उन्हाळ्यात, त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला. एवढ्या मोठ्या मोहिमेचे वेळापत्रकही आधी हंगामाशीच जुळवावे लागते.

हंगाम कॅलेंडरवर पाहता येतो. दुसरी प्रतीक्षा, म्हणजे वेदर विंडोची (निघण्यासाठी अनुकूल हवेच्या अवधीची), हवामानाच्या नकाशावर रोज नव्याने मांडावी लागते. ती समजण्यासाठी टास्मान समुद्रावरील हवेची चाल माहीत असली पाहिजे. ऑस्ट्रेलियाकडून जास्त दाबाची क्षेत्रे साधारण आठवड्याला एक या गतीने पूर्वेकडे सरकत न्यूझीलंडवरून जातात, आणि अशा दोन क्षेत्रांच्या मधून कमी दाबाचा पट्टा व त्याच्यासोबत शीत सीमा, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, येते. दक्षिण गोलार्धात जास्त दाबाच्या केंद्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो आणि कमी दाबाच्या केंद्राभोवती काट्यांच्या दिशेने. म्हणून शीत सीमा येण्यापूर्वी वारा वायव्येकडून वाहतो आणि ती निघून गेली की नैर्ऋत्येकडे वळतो. फिजी उत्तरेला आहे, त्यामुळे वायव्येचा वारा जवळजवळ तोंडावर येतो आणि नैर्ऋत्येचा मागून साथ देतो. नकाशावर काही कळेनासे झाले तरी बॅरोमीटर चढू लागणे आणि वारा नैर्ऋत्येला वळणे या दोन खुणा डोळ्यांना दिसतात. नवशिक्याने पहिल्या दिवसापासून त्यांची वहीत नोंद ठेवावी, ही सवय पुढे समुद्रावर फार उपयोगी पडते.

आता खरा प्रश्न येतो तो नेमके केव्हा निघायचे याचा. शीत सीमा ओलांडून गेल्याबरोबर निघाले तर वारा पाठीशी असतो, पण तो तीस नॉटांचा (तासाला तीस सागरी मैल) असू शकतो आणि मागे राहिलेली लाट अजून उंच व विस्कळीत असते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंधरा नॉटांचा वारा तीसवर गेला की शिडावरील जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. उलट, समुद्र पूर्ण निवळेपर्यंत थांबले तर जास्त दाबाचे केंद्र डोक्यावर येऊन बसते, वारा पडतो आणि सारा मार्ग इंजिनावर काढण्याइतके डिझेल सामान्य नौकेत मावत नाही. या दोन टोकांच्या मधली वेळ साधायची असते. बहुतेकदा ती सीमा गेल्यानंतरचा अर्धा ते एक दिवस अशी पडते. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते कप्तान थोडी लाट पत्करून लवकर निघण्याच्या बाजूचे होते. माझे मत वेगळे आहे. क्रूमध्ये कोणी नवखे असेल तर अर्धा दिवस अधिक थांबून पुढे काही तास इंजिन चालवणे मला योग्य वाटते, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत बहुतेकांना समुद्र लागतो, आणि आजारी माणसाला रात्रीची पाळी धड करता येत नाही. तिचा भार उरलेल्यांवर पडतो आणि सारी नौकाच थकते.

ओपुआ सुमारे ३५ अंश दक्षिण अक्षांशावर आहे आणि सुवा १८ अंशांवर. एक अक्षांश म्हणजे साठ सागरी मैल, म्हणजेच दिवसाला १४० मैलांच्या हिशेबाने तीन दिवसांत नौका सुमारे २८ अंशांपर्यंत पोहोचते आणि न्यूझीलंडच्या हिवाळी वादळांच्या मुख्य पट्ट्यातून बरीचशी बाहेर पडते. त्यानंतर २५ अंशांच्या आसपास आग्नेयेकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांचा प्रदेश सुरू होतो. हवामानाचा अंदाजही याच क्रमाने विरळ होत जातो. पहिल्या तीन दिवसांचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा, पुढच्या तीन दिवसांचा केवळ संभाव्य आणि शेवटच्या दोन दिवसांचा निव्वळ कल सांगणारा असतो. म्हणून संपूर्ण आठ दिवस निर्वेध दिसण्याची वाट पाहत बसणारा कधीच निघत नाही, आणि पहिला दिवस चांगला दिसताच निघणारा अडचणीत येतो. माझ्या दृष्टीने निघण्यासाठी तीन गोष्टी पुरेशा असतात: पहिले तीन दिवस निश्चितपणे सुसह्य असावेत, पुढचे तीन अनुकूल दिसावेत, आणि शेवटी काही धोकादायक आकार घेत आहे असे अंदाज वर्तवणाऱ्या एकाही संगणकीय मॉडेलने सूचित केलेले नसावे.

जास्त दाब म्हणजे चांगले हवामान, हा शाळेत शिकलेला ठोकताळा येथे अर्धाच खरा ठरतो. जास्त दाबाचे क्षेत्र फार बलवान असेल, केंद्राचा दाब १०३० हेक्टोपास्कलच्या बराच वर गेलेला असेल, आणि त्याच वेळी उत्तरेला उष्ण कटिबंधात कमी दाबाचा पट्टा असेल, तर दोहोंच्या मध्ये समदाब रेषा एकमेकींना चिकटून येतात. त्या चेपलेल्या पट्ट्यात निरभ्र आकाशाखालीही पूर्वेकडून तीस-पस्तीस नॉटांचा वारा दिवसेंदिवस वाहू शकतो. ओपुआला लख्ख ऊन पडलेले असते, आणि चौथ्या दिवशी जेथे पोहोचायचे आहे तेथे मात्र समुद्र खवळलेला असतो. म्हणून नकाशा पाहताना नजर आपल्या बंदरावर ठेवू नये. चौथ्या दिवशी आपली नौका जेथे असेल त्या ठिकाणचा चौथ्या दिवसाचा वारा पाहावा, पाचव्या दिवशी पाचव्या ठिकाणचा. याच कारणाने अनेक कप्तान नैर्ऋत्येचा वारा असतानाच थोडे पूर्वेकडे सरकून घेतात, म्हणजे पुढे वारा पूर्वेला फिरला तरी तो तोंडावर येत नाही.

अंदाजासाठी बहुतेक जण ग्रिब फाइली, म्हणजे मॉडेलने काढलेल्या वारा-लाटांच्या आकड्यांच्या संगणकीय फाइली, वापरतात. अमेरिकेचे जीएफएस हे मॉडेल दिवसातून चार वेळा चालवले जाते, आणि युरोपीय केंद्राचे ईसीएमडब्ल्यूएफ हे दुसरे प्रमुख मॉडेल. दोन्हींमध्ये एकवाक्यता आहे का हे तर पाहावेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकच मॉडेल कालपासून आजपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम आहे का हे पाहावे. सोमवारी जे कमी दाबाचे क्षेत्र गुरुवारी येणार होते ते मंगळवारच्या नकाशात शनिवारवर गेले आणि बुधवारी नाहीसेच झाले, तर त्या भागातील हवा अजून अनिश्चित आहे असे समजून थांबावे. ग्रिबमधील वारा सरासरी असतो. झोत त्याहून बरेच जोरदार असतात. लाटेची दिलेली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी, त्यामुळे तीन मीटर लिहिले असेल तर अधूनमधून त्याच्या जवळपास दुप्पट लाट येणार हे गृहीत धरावे. रंगीत बाणांची चित्रे पाहून झाल्यावर न्यूझीलंडच्या मेटसर्व्हिस या हवामान संस्थेचा आणि फिजीच्या हवामान खात्याचा शब्दांत लिहिलेला अंदाज अवश्य वाचावा. त्यामागे माणसांचा विचार असतो, आणि शीत सीमा कोठे आहे हे त्यात स्पष्ट सांगितलेले असते.

या मार्गावर सर्वाधिक धास्ती वाटते ती न्यूझीलंड आणि फिजी यांच्या दरम्यान अचानक तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांची. सॉलोमन बेटांपासून फिजी-सामोआच्या पलीकडे आग्नेयेला ढगांचा एक विस्तीर्ण पट्टा पसरलेला असतो, त्याला दक्षिण प्रशांत अभिसरण क्षेत्र म्हणतात. त्यावर एखादे केंद्र जन्माला येते आणि दक्षिणेकडील थंड हवेशी गाठ पडताच झपाट्याने तीव्र होते. जून १९९४ मध्ये, चक्रीवादळांचा हंगाम संपलेला असताना, टोंगाकडे निघालेल्या नौकांचा ताफा अशाच वादळात सापडला. न्यूझीलंड हवाई दलाची ओरायन विमाने, नौदलाचे 'मोनोवाय' जहाज आणि त्या परिसरातील इतर जहाजे यांच्या मदतीने २१ जणांना वाचवण्यात आले. 'क्वार्टरमास्टर' या नौकेवरील तिघे परतले नाहीत. ते सारे अनुकूल हंगामात निघालेले होते. ही घटना मी नवख्यांना घाबरवण्यासाठी सांगत नाही. नौका, दोर, जीवरक्षक तराफा आणि क्रूची शिस्त हे सारे, अंदाज चुकणार आहे असे धरूनच तयार ठेवायचे असते, एवढ्यासाठी सांगते.

प्रतीक्षेचे दिवस या तयारीचेच असतात. डोलकाठीच्या माथ्यापर्यंत चढून प्रत्येक पिन तपासणे, डेकवरून कमरेचा पट्टा अडकवण्यासाठी लावलेल्या पट्ट्या ताणून पाहणे, ईपर्ब या संकटसंदेश पाठवणाऱ्या यंत्राची नोंदणी तपासणे, डिझेलची गाळणी बदलणे, धक्क्याला बांधलेल्या नौकेवरच शीड आखडण्याचा सराव करणे, तोही अंधारात, ही कामे संपता संपत नाहीत. न्यूझीलंडमध्ये नोंदणी असलेल्या नौकेला परदेशी निघण्यापूर्वी सुरक्षा तपासणीतून जावे लागते. परदेशी नौकांना ते बंधन नसले तरी त्या तपासणीची यादी मिळवून आपल्या नौकेला लावून पाहणे हा उत्तम अभ्यास आहे. किराणा जवळच्या पाइहिया गावाहून येतो. पहिल्या तीन दिवसांचे जेवण शिजवून ठेवावे: खिचडी, उकडलेले बटाटे, दशम्या, कारण तेव्हा कोणालाही स्वयंपाकघरात उभे राहवत नाही. समुद्र लागू नये म्हणून घ्यायचे औषध डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि किनाऱ्यावर असतानाच एकदा घेऊन पाहावे. काहींना त्याने इतकी गुंगी येते की पाळीवर बसवणे धोक्याचे ठरते.

सर्वांत अवघड आहे ते मन स्थिर ठेवणे. शेजारची नौका दोर सोडते, मग तिच्यामागून आणखी काही निघतात, आणि आपणच मागे राहिलो अशी हुरहूर लागते. पण त्या नौकेची लांबी, तिचा वेग आणि क्रूचा अनुभव वेगळा असतो. पंधरा मीटरची वेगवान नौका ज्या अवधीत सुखरूप निसटते तोच अवधी दहा मीटरच्या नौकेला अपुरा पडू शकतो. त्याहून मोठा दबाव तारखेचा असतो. मर्यादित रजा घेऊन आलेला, फिजीहून परतीच्या विमानाचे न बदलता येणारे तिकीट काढलेला एक क्रू सदस्य साऱ्या नौकेचा निर्णय नकळत वाकवतो. नोकरी करणाऱ्यांना मी स्पष्टच सांगते: प्रवासाच्या दिवसांइतकीच अधिक रजा प्रतीक्षेसाठी मिळत असेल तरच नाव द्यावे, तिकीट बदलता येणारे काढावे आणि भारतीय पासपोर्टवर सागरी मार्गाने येणाऱ्या क्रूसाठी प्रवेशाच्या अटी कोणत्या आहेत हे आधीच विचारून घ्यावे. कस्टम्सला आगाऊ सूचना द्यावी लागते आणि परवानगी मिळाल्यावर रेंगाळता येत नाही, म्हणून हे प्रश्न शेवटच्या दिवसावर ठेवता येत नाहीत.

टोंगाला जाणाऱ्यांना वाटेत थांबण्याची एक विलक्षण जागा लाभते. न्यूझीलंडपासून सुमारे ८०० मैलांवर, चहूकडे महासागर असताना, नॉर्थ मिनर्व्हा हे प्रवाळाचे कडे आहे. भरतीला ते बहुतांश पाण्याखाली जाते, पण आत नांगर टाकता येतो आणि लाट कड्यावरच फुटते. तेथेही पुन्हा तेच नकाशे उघडून पुढच्या अडीचशे मैलांसाठी वाट पाहायची असते. फिजीच्या सरळ मार्गावर अशी सोय नाही. तेथे शेवटचा हिशेब वेळेचा असतो: प्रवाळातील प्रवेशमार्ग दिवसाउजेडी, सूर्य डोक्यावर असताना ओलांडावेत, म्हणून रात्री पोहोचण्याची चिन्हे दिसली तर शिडे कमी करून वेग उतरवावा लागतो किंवा बाहेर थांबून रात्र काढावी लागते.

नौका निवडताना तिच्या रंगरूपाआधी कप्तानाला काही गोष्टी विचाराव्यात. कोणत्या परिस्थितीत तुम्ही निघणार नाही? अंदाज कोठून घेता आणि समुद्रावर तो कसा मिळतो? पहिल्या चोवीस तासांत हवा बिघडली तर परत फिरण्याची तुमची तयारी आहे का, आणि तो निर्णय कोण घेते? यापूर्वी कधी निघण्याचे रद्द केले होते का, आणि का? या प्रश्नांना जो शांतपणे, आकड्यांत आणि कारणांसह उत्तर देतो, त्याच्याकडे नाव नोंदवावे. 'बघू, निघू की' असे जो म्हणतो, त्याला नम्रपणे नकार देऊन दुसरी नौका शोधावी. मे महिन्यात ओपुआच्या सूचनाफलकावर क्रू हवा असल्याच्या चिठ्ठ्या पुष्कळ लागलेल्या असतात.