रॅननक्युलसची फुलं संपली, आता कंदांचं काय करायचं?

मार्च संपत आला, पुण्यात ऊन चटके द्यायला लागलं की रॅननक्युलसचा सीझन आटोपला. पानं मलूल पडतात आणि बरेच जण झाड मेलं समजून कुंडी रिकामी करून टाकतात, तेवढं करू नका. हे झाड मूळचं भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचं, तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठाक, त्यामुळे उन्हाळाभर मातीखाली झोपून राहायची त्याला सवयच आहे.

आधी सुकलेली फुलं दांड्यासकट कापा, नाहीतर बी धरण्यात ताकद जाते. पानांना मात्र हात लावायचा नाही, हिरवी आहेत तोवर तीच कंद भरतात. कुंडी फक्त सकाळचं ऊन येईल अशी सरकवा, वरची माती सुकली की बेताचं पाणी, आणि हवं तर एखाद-दोन वेळा ०:०:५० (पाण्यात विरघळणारं पोटॅशचं खत) लिटरभर पाण्याला एक ग्रॅम. युरिया नको. कापताना ग्लोव्हज घाला, याच्या रसाने काहींना खाज येते, आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर कुंडी उंचावर ठेवा कारण ओलं झाड विषारी असतं.

अर्ध्याहून जास्त पानं पिवळी झाली की पाणी बंद, म्हणजे पूर्ण बंद! इथेच लोकांना राहवत नाही, बिचारं सुकतंय म्हणून मगभर ओततात आणि गरम ओल्या मातीत कंद सडतो.

सगळं वाळलं की कुंडी पेपरवर उलटी करून हातानेच माती मोकळी करा, खुरपं लावलं तर कंदाचे पाय, म्हणजे खालची बोटांसारखी टोकं, मोडतात. दिसायला छोट्या केळ्यांच्या फणीसारखा असतो, वर डोक्याला बारीक लव. डोळे त्या डोक्यावरच असतात, म्हणून नुसता तुटलेला पाय लावून काही उगवत नाही. मऊ, काळे पडलेले फेकून द्या, बाकीचे सावलीत पंख्याखाली खडखडीत वाळवा, थोडी बुरशीनाशक पावडर चोळा आणि कागदी पिशवीत घालून कोरड्या कपाटात ठेवा. प्लास्टिक अजिबात नको, आत घाम धरतो. हे सगळं मृगाच्या आधी उरकायचं, एकदा पावसाळी दमट हवा सुरू झाली की कंद नीट वाळतच नाहीत. श्रावणात एकदा पिशवी उघडून बुरशी आलीय का बघा.

खरं सांगायचं तर आपल्या उन्हाळ्यात कंद थंड हवेतल्यासारखे भरत नाहीत, दुसऱ्या वर्षी फुलं कमी आणि लहान येतात, म्हणून मी जाडजूड तेवढेच ठेवते आणि थोडे नवे मागवते. दिवाळीनंतर रात्री गार व्हायला लागल्या की तीन-चार तास साध्या पाण्यात भिजवा, रात्रभर नाही, टम्म फुगले की पाय खाली करून दोन इंच खोल लावा.